वरून आलेलं पाणी आणि भिंतीतून आलेलं पाणी

आमचं मूळ घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि सगळ्यात आधी आमच्या भागात शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्या घरातल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. आईनं दोन्ही वेळा सगळा संसार चिखलातून धुऊन काढला. मी फ्लॅट बघायला लागलो तेव्हा तिची अट एकच होती, जागा उंचावर पाहिजे.

२०२४ च्या गुढीपाडव्याला पाचगाव रोडला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. तीन मजली अपार्टमेंट, आमच्या डोक्यावर अजून एक फ्लॅट, त्यावर टेरेस. इथं नदीचं पाणी कधी येणार नाही. पण त्याच वर्षी गौरी-गणपतीत आमच्या हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, आणि ते वरून आलेलं होतं.

हे सविस्तर लिहितोय, कारण नंतर कंपनीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की विम्याचे पैसे खरंच मिळाले का आणि कसे मिळाले. मिळाले. पण त्यातून जाताना एक गोष्ट पक्की कळली. घरात पाणी शिरलं की विम्यात सगळं एकाच प्रश्नावर अडतं: पाणी आलं कुठून, आणि एकदम आलं की हळूहळू? याचं उत्तर ज्या पुराव्यात असतं, तो पुरावा आपण पहिल्या रात्री फडक्यानं पुसून टाकत असतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तडा गेलेलं कास्टिंग हातात घेऊन तो का गेला, कधी गेला, साच्यात की नंतर, हे शोधणं माझं रोजचं काम. त्या सवयीचा इथं फार उपयोग झाला.

झालं असं. गौरी जेवणाला आम्ही सगळे शाहूपुरीत होतो. रात्री परत आलो तर जिन्यावरून पाणी उतरत होतं आणि आमच्या दाराच्या फटीतून येत होतं. आत लाईट चालू होती. मी बायकोला आणि पोरांना दारातच थांबवलं, खाली मीटरबॉक्सपाशी जाऊन आमचं मेन बंद केलं आणि मग बॅटरी घेऊन आत गेलो. हे आधी करायचं. पाणी स्लॅबमधून सरळ टपकत नाही. स्लॅबमध्ये वायरिंगसाठी पाईप टाकलेले असतात, त्यातून वाट काढतं आणि पंख्याच्या हुकाच्या डब्यातून, लाईटच्या पॉइंटमधून धार धरून पडतं. आमच्या हॉलमधल्या पंख्याच्या कपातून पाणी पडत होतं. पीओपीचं सीलिंग मधोमध पोट सुटल्यासारखं लोंबत होतं.

वरचा फ्लॅट बंद. मालक नोकरीनिमित्त पुण्यात, सणालाही आले नव्हते. वॉचमननं टेरेसवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तोवर टाकी जवळजवळ रिकामी झालेली होती. मालकांना फोन लावला, शेजारच्या इमारतीत त्यांच्या मेव्हण्याकडं किल्ली होती. प्लंबर आला, दार उघडलं. बाथरूममध्ये फ्लशच्या टाकीला जाणारा कनेक्शन पाईप तुटलेला होता. प्लंबरनं नवा पाईप लावला आणि जुना कोपऱ्यातल्या बादलीत टाकला. तो मी बादलीतून काढून घेतला.

त्या पाईपच्या शेवटाला प्लॅस्टिकचा नट असतो, तो मानेपाशी गोल तुटला होता. मी तो घरी आणून टॉर्चखाली पाहिला. तुटलेली कड सगळीकडं सारख्या रंगाची, कोरी, धारदार. आपल्याकडच्या पाण्यात क्षार असतात. जिथं थेंब थेंब गळत असतं तिथं पांढरा थर बसल्याशिवाय राहत नाही, नळाच्या तोटीखाली प्रत्येकानं पाहिलेला असतो. या कडेवर तसा थर नव्हता, नटाच्या आट्यांतही नव्हता. म्हणजे हा नट महिनोन् महिने झिरपत नव्हता, एका झटक्यात गेला होता. मी नट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर तारीख, वेळ, जागा लिहिली, प्लंबरची सही घेतली. प्लंबर म्हणाला, "साहेब, दहा रुपयाच्या नटाला एवढं कशाला ओ?" पुढं सगळा दावा त्या नटावर उभा राहिला.

त्याच रात्री विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन केला, दाव्याचा नंबर घेतला आणि ईमेलवरही दोन ओळी पाठवल्या: कधी कळलं, पाणी कुठून आलं, काय भिजलं, पुढचं नुकसान थांबवायला आम्ही काय केलं. ही शेवटची बाब महत्त्वाची. पॉलिसीत अट असते की नुकसान वाढू नये म्हणून मालकानं शक्य ते करायचं. पाणी उपसायला, दारं-खिडक्या उघडायला, भिजलेल्या वस्तू कोरड्या जागी हलवायला कुणी आडकाठी करत नाही. पण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनी नेमते तो माणूस, बघून जाईपर्यंत काही फेकायचं नाही.

इथंच आईची आणि माझी जरा ओढाताण झाली. ती सकाळी सहाला हजर. पुराच्या वेळी तिनं जे केलं तेच तिच्या हाताला माहीत होतं: भिजलेलं सगळं बाहेर, लगेच, नाहीतर घरभर वास आणि रोगराई. २०१९ ला शाहूपुरीत गल्लीच्या दोन्ही बाजूला गाद्यांचे, कपाटांचे ढीग लागले होते आणि महापालिकेचे ट्रॅक्टर ते भरून नेत होते. तिथं ते बरोबरच होतं, ते गटाराचं पाणी होतं. मी म्हटलं, "आई, हे टाकीतलं पाणी आहे, दोन दिवस थांब." ती थांबली, पण मनाविरुद्ध. गाद्या टेरेसवर उभ्या केल्या. किचनचे फुगलेले शटर काढले, त्यांच्या पाठीवर खडूनं नंबर टाकले आणि बाल्कनीत ओळीनं लावले. त्या शटरच्या कडा पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एमडीएफ खालून पापडासारखं फुललं होतं, वरचा चकचकीत लॅमिनेट तसाच आणि आतला भुसा बाहेर. किचन होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

फोटो काढताना कामावरची पद्धत वापरली. आधी खोली पूर्ण दिसेल असा लांबून, मग भिंत, मग डाग, आणि डागाशेजारी टेप धरून. नुसता ओल्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही घरातला असू शकतो. पाणी कुठल्या वाटेनं खाली आलं तेही क्रमानं टिपलं: वरच्या बाथरूमचा तुटलेला पाईप, तिथली भिजलेली फरशी, आमच्या हॉलचा पंखा, सीलिंग, फरशी. ताबा घेताना रिकाम्या फ्लॅटचे काढलेले फोटो होतेच, ते शेजारी ठेवले.

आता पॉलिसीबद्दल. होम लोन घेताना बँकेतून दोन विमे पुढं केले जातात आणि बरेच लोक त्यांची गल्लत करतात. एक असतो कर्जदाराच्या जिवाचा. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं म्हणून. त्याचा भिंतीशी काही संबंध नाही. दुसरा घराचा. आमच्याच खात्यातल्या एकाला वर्षानुवर्षं वाटत होतं की लोनबरोबर घराचाही विमा झालाय. माझं प्रकरण ऐकून त्यानं कागद काढले, तर ती जिवाची पॉलिसी निघाली. ज्यांचं लोन चालू आहे त्यांनी आजच कागद काढून बघावेत.

मी घेतली ती ‘भारत गृह रक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमानुसार घरांसाठी ही एकसारखी पॉलिसी आहे. कंपनी बदलली तरी मूळ मजकूर तोच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन हे सगळं त्यात मुळातच आहे, आणि पाण्याच्या टाक्या-पाईप फुटणं किंवा भरून वाहणंही आहे. आमच्यासारख्या पुराच्या गावात हे मोलाचं आहे. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत हप्ता कमी व्हावा म्हणून पुराचं कलम काढून टाकायची सोय होती, आणि नदीकाठच्या माणसाला ते कलम नाही हे पाणी ओसरल्यावर कळायचं.

विम्याची रक्कम ठरवताना एजंटचा आग्रह होता की कराराच्या किमतीवर करा. मी नाही म्हणालो. कराराच्या किमतीत जागेची किंमत असते, आणि जमीन जळत नाही की भिजत नाही. या पॉलिसीत इमारतीची रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. आमचा कार्पेट ६५० चौरस फूट. दर २,२०० रुपये धरला, रक्कम आली १४ लाख ३० हजार. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ८६ हजार, आपोआप संरक्षण मिळतं, त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही (याची कमाल मर्यादा १० लाख). सोनं-नाणं यात धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आले. पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे. त्यांच्याकडं ओल मोजायचं छोटं यंत्र होतं, पुढं दोन टोकदार पिना. ते पिना भिंतीत टेकवायचे, आकडा वाचायचे, वहीत लिहायचे, वीतभर सरकायचे. हॉल आणि बेडरूममधली भिंत त्यांनी वरपासून खालपर्यंत अशीच मोजली. वर छताजवळ आकडा सगळ्यात जास्त, खाली येताना कमी. मग ते बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीकडं गेले आणि तिथं बराच वेळ थांबले.

त्या भिंतीवर जुलैपासूनच एक डाग होता. आपल्याकडं पावसाचा मारा पश्चिमेकडूनच येतो, आणि बाहेरून पाहिलं तर बीम आणि वीटकामाच्या सांध्यावर आडवी बारीक भेग दिसायची. या सांध्यावर प्लास्टर करताना तारेची जाळी लावायची असते, कारण काँक्रीट आणि वीट वेगवेगळी आकुंचन-प्रसरण पावतात. जाळी नसली किंवा नीट बसवली नसली की पहिल्याच पावसाळ्यात तिथं भेग उघडते. सर्व्हेअरनी नखानं रंग खरवडला, आत पांढरं पिठूळ दिसलं. म्हणाले, "हा लोणा आहे बघा. हे पाणी गणपतीतलं नव्हं, हे पावसाळाभर मुरलेलं."

बरोबर होतं. लोणा एका रात्रीत येत नाही. विटेतला क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर यायला आणि वाळायला आठवडे जातात. अशी हळूहळू मुरलेली ओल विम्यात बसत नाही, कारण विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. मी तिथल्या तिथं सांगितलं की पश्चिमेची भिंत माझ्या दाव्यात धरू नका. कोटेशनमध्ये रंगाऱ्यानं ती धरली होती, १८ हजार रुपये. मी स्वतः खोडली.

पण मग ते मधल्या भिंतीबद्दलही तसंच बोलायला लागले. एवढी खोल ओल एका रात्रीत कशी, वरच्या बाथरूमची गळती जुनी असणार, वॉटरप्रूफिंग गेलं असणार. असं लिहिलं गेलं असतं तर सीलिंग, वायरिंग, मधली भिंत, सगळंच दाव्याबाहेर. मी पिशवीतला नट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून कड पाहिली, आटे पाहिले. मी म्हटलं, "सर, गळत असता तर इथं थर असता. मधल्या भिंतीवर लोणा दाखवा, मी तीही सोडतो." त्यांनी मधल्या भिंतीवर तीन ठिकाणी खरवडून पाहिलं. आत नुसतं ओलं प्लास्टर, पांढरं काही नाही. मग प्लंबरचा लेखी जबाब मागितला, तो तयार होता. वरच्या मालकांचं पत्रही जोडलं: फ्लॅट कधीपासून बंद आहे, त्याआधी खाली गळतीची तक्रार आली नव्हती. सर्व्हेअरनी पुढं वाद घातला नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. त्यांनी शंका घेतली ती पुराव्यावर घेतली आणि सोडली तीही पुराव्यावर.

वरच्या मालकांबद्दल लिहिलंच पाहिजे. ते दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आले, सगळं घर फिरून पाहिलं, आणि संध्याकाळी ५० हजार रुपये आणि एक टाईप केलेला कागद घेऊन बसले. कागदावर होतं की आमची यापुढं काही तक्रार नाही, सगळी भरपाई मिळाली. माणूस सज्जन आहे, त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. बायकोला वाटत होतं की पैसे घ्यावेत, जन्मभर एकाच जिन्यानं वर-खाली करायचं आहे. पण असा कागद सही करणं फार धोक्याचं. विमा कंपनी आपल्याला पैसे देते तेव्हा ज्याच्यामुळं नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा आपला हक्क कंपनीकडं जातो. याला सब्रोगेशन म्हणतात. आपण आधीच "काही तक्रार नाही" असं लिहून दिलं तर कंपनीचा तो हक्क आपणच मारला, आणि त्या कारणावरून दावा अडकू शकतो. मी त्यांना हे समजावून सांगितलं. म्हटलं, "दादा, पैसे नकोत, खरं काय झालं ते लिहून द्या, तेवढं खूप आहे." त्यांनी पैसे परत खिशात घातले आणि पत्र दिलं. आमचे संबंध चांगले राहिले, ते त्या दिवशी स्पष्ट बोललो म्हणूनच, असं मला वाटतं.

कागदपत्रांत पॉलिसी, दाव्याचा फॉर्म, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), किचन आणि फर्निचरची बिलं, दुरुस्तीची जीएसटी नंबरसह कोटेशनं, फोटो, रद्द केलेला चेक लागला. टीव्हीचं बिल सापडेना, दुकानदारानं जुन्या नोंदीतून काढून दिलं. कंपनीकडून मध्येच ईमेल आला की अमुक कागद नाही म्हणून दावा बंद करत आहोत. हे त्यांना करता येत नाही. २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकात स्पष्ट आहे की कागद नाही एवढ्या कारणावरून दावा नाकारायचा नाही. सर्व्हेअरनं नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय द्यायचा, हेही त्यातच. मी परिपत्रकाचा उल्लेख करून शांतपणे उत्तर लिहिलं, दावा पुन्हा चालू झाला. कंपनीनं ऐकलं नसतं तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडं लेखी तक्रार, महिनाभरात समाधान नाही झालं तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. कोल्हापूरसाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण अर्ज लिहून तयार ठेवला होता.

कोटेशनांची बेरीज होती १ लाख ९४ हजार. मंजूर झाले १ लाख ५२ हजार. फरक कुठं गेला ते सांगतो, कारण लोक म्हणतात कंपनी मनाला येईल तसं कापते. १८ हजार पश्चिमेच्या भिंतीचे, ते मीच सोडले. १९ हजार किचनचे: आधी एमडीएफ होतं, मी नवीन किचन वॉटरप्रूफ प्लायमध्ये करायचं ठरवलं, आणि विमा होतं तसं करून देतो, होतं त्याहून भारी करायचा फरक आपला. ५ हजार इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या भंगाराचे, ते माझ्याकडंच राहिलं म्हणून वजा. या तिन्ही कपाती मला पटल्या.

पैसे मात्र लगेच हातात आले नाहीत. पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, कर्ज चालू असेल तर इमारतीच्या नुकसानीची रक्कम आधी बँकेकडं जाते. बँकेनं पत्र दिलं की दुरुस्तीसाठी रक्कम कर्जदाराला द्यायला हरकत नाही, तेव्हा ती माझ्या खात्यात पडली. हे पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ गेला, सर्व्हेअरपेक्षा, कंपनीपेक्षा. कर्ज असणाऱ्यांनी हे पत्र दाव्याच्या पहिल्या आठवड्यातच मागून ठेवावं.

सुतारमामांना मी घाई करू दिली नाही. मधली भिंत वाळेपर्यंत रंग नाही, प्लाय नाही. महिनाभर पंखे लावून, खिडक्या उघड्या ठेवून वाळवली. वायरमननं सगळे पॉइंट उघडून तपासले, दोन ठिकाणी वायर बदलली. हॉलमधल्या काही फरशा वाजवून पाहिल्या तर पोकळ आवाज आला, त्या उचलून पुन्हा बसवल्या.

आणि पश्चिमेची भिंत. ती विम्यात नाही म्हणून ती माझ्या खिशातून, असं मुळीच नाही. तिथं बिल्डर आला. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कारागिरीत, मालाच्या दर्जात दोष निघाला तर आपण कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. बिल्डरच्या साइटवरचा माणूस आधी म्हणाला, "प्लास्टरचं काय नसतंय ओ त्यात, पावसाळ्यात जरा ओल येतीच." मी भेगेचा बाहेरून फोटो, सर्व्हेअरच्या अहवालातली लोण्याची नोंद आणि ताब्याच्या पावतीची प्रत जोडून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. आमच्या विम्याच्या सर्व्हेअरनी जी ओळ लिहून ती भिंत दाव्याबाहेर काढली, तीच ओळ बिल्डरकडं चालली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अहवालाची प्रत मागून घ्या, ती मागायचा आपल्याला हक्क आहे.

बिल्डरनं दिवाळीनंतर, भिंत कोरडी झाल्यावर परांची बांधली. सांध्यावरचं प्लास्टर वीतभर रुंद काढलं. आत जाळी नव्हतीच. नवी जाळी खिळ्यांनी ठोकली, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरनं भरलं, वरून बाहेरचा रंग. मी परांचीवर चढून जाळीचा फोटो काढला, झाकायच्या आधी. तिसऱ्या मजल्याच्या त्याच सांध्यावरही तशीच भेग होती. बिल्डरची माणसं फक्त आमच्यापुरतं करून उतरत होती, मी वरच्या मालकांना पुण्याला फोन केला, त्यांनी त्याच दिवशी त्यांच्या नावानं पत्र पाठवलं आणि परांची उतरायच्या आत तेही काम झालं.

अपार्टमेंटमधल्या बाकीच्या फ्लॅटधारकांनाही मी पत्राचा नमुना दिला आहे. आमच्या इमारतीचा ५ वर्षांचा काळ एप्रिल २०२९ ला संपतो. पश्चिमेकडच्या भिंती ज्यांच्या आहेत त्यांनी येत्या पावसाळ्यात पहिल्या जोराच्या सरींनंतर बीमखालच्या सांध्यावर हात फिरवून बघायचा, ओल लागली की फोटो, तारीख आणि रजिस्टर पोस्ट, एवढं ठरलं आहे. शाहूपुरीच्या घराचीही पॉलिसी मी आईच्या नावानं काढली. तिथं पुराचं कलम आहे ना, हे तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं, आणि मग सही केली.